हिरवं निशाण

एमिलने दारात बूट पुसले नाहीत, तेव्हाच आयरीनला कळलं की आज भाऊ जेवायला आलेला नाही. भांडायला आलाय. बाहेरचा चिखलबर्फ त्याने थेट स्वयंपाकघरात आणला. त्याच्या मागून बायको डोलोरेस आणि पोरगी पॉलेट आल्या, त्या मात्र पायपुसण्यावर उभ्या राहिल्या.

"सूप वाढू?" आयरीनने विचारलं.

"आधी पपांना बोलाव."

"कपडे बदलतायत. आत्ताच चर्चमधून आलेत. तू दिसला नाहीस चर्चमध्ये."

"काचा गोळा करत होतो. माझ्या ट्रकची पुढची काच फोडलीय काल रात्री. अख्खी. आणि कुणी फोडली विचार. माझ्याच माणसांनी."

आयरीनने झारा पातेल्यात सोडला. तिला विचारायची गरज नव्हती. ट्रकवाल्यांचा संप सुरू झाल्यापासून तिचा भाऊ हायवेच्या नाक्यावर शेकोटीपाशी उभा होता, डिझेल महाग झालं म्हणून, आणि एकही ट्रक, एकही टँकर पुढे जाऊ द्यायचा नाही अशी शपथ घेऊन. आणि त्याच्याच बापाच्या पेट्रोल पंपावर शनिवारी पहाटे दिवे विझवून एक टँकर येऊन गेला होता. नदीकाठच्या जुन्या रस्त्याने. नेहमीच्या गिऱ्हाइकांना गुपचूप फोन आयरीननेच केले होते: मागच्या दाराने या, कॅन घेऊन या, कुणाला बोलू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि ती मूठ या पोरीने भर रस्त्यावर उघडली.

पॉलेट कोट काढत होती. कोटाखाली तिने पंपावरचा निळा शर्ट घातला होता, खिशावर लाल दोऱ्याने 'लेनी' लिहिलेला. रविवारी, डेडोंच्या, म्हणजे आजोबांच्या घरी, जेवायला.

"हा आज कशाला घातलास?" आयरीनने विचारलं.

"काल काम अर्धवट राहिलं आत्या. डेडोंनी दुपारीच घरी पाठवलं. उद्याचं विचारायचंय."

"उद्याचं नंतर बघू. डॅरिल, बशा लाव."

आयरीनचा डॅरिल जिन्यावरून उतरला, म्हणजे आधी त्याचे बूट उतरले. जाड, उंच टाचांचे, यंदा शाळेतली सगळी पोरं घालतात तसले, आणि त्यावर घोळदार पँट, इतकी घोळदार की बूट झाकले जावेत, पण झाकले जात नव्हते. म्हातारा श्टेफान हुडाक त्याच्या मागून आला. स्वच्छ दाढी, स्वच्छ कॉलर. तो टेबलाच्या टोकाला बसला आणि सगळ्यांनी हात जोडले. प्रार्थना झाली तेव्हाही एमिलने डोळे मिटले नाहीत.

"बोला पपा," तो म्हणाला.

"आधी सूप," म्हातारा म्हणाला.

आयरीनने लहानपणापासून या घरातली भांडणं पुढे ढकलली होती. तिला त्यातली एक युक्ती पाठ होती. तिने लेकाकडे बोट दाखवलं. "आधी याचे प्रताप ऐका. शुक्रवारी रात्री शाळेत बास्केटबॉलची मॅच. गॅलरी भरलेली. फादर पावेल पहिल्या रांगेत. आणि मध्यंतरात हा पठ्ठ्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला. अंगावर काय, तर डोक्यावर लोकरी मुखवटा."

"आणि बूट," डॅरिल म्हणाला. "टीव्हीवर रोज दाखवतात गं, सगळ्या कॉलेजांत पळतायत पोरं."

"बूट होते म्हणूनच ओळखलं," आयरीन म्हणाली. "असले बूट गावात एकाचेच. मुख्याध्यापकांनी नुसतं पायांकडे बघितलं आणि मला फोन लावला."

म्हाताऱ्याचा चमचा थांबला. मग त्याचे खांदे हलायला लागले. "फादर पावेल काय म्हणाले?"

"म्हणाले, थंडी होती, पोराला सर्दी होईल."

म्हातारा हसला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. एमिललाही हसू आवरलं नाही. तो रागात आला होता, तरी नाकातून हसू सुटलंच. "शाळा म्हणे आता हीटर पुरता लावत नाही, पोरं कोट घालून बसतात. आणि हा असा."

"पोरांचं वयच असतं," म्हातारा म्हणाला. "लेनीने नाही का पुलावरून उडी मारली होती?"

लेनीचं नाव आलं तसं सगळे थोडे मऊ झाले. लेनी म्हणजे धाकटा मुलगा, व्हिएतनामहून सहा वर्षांपूर्वी पेटीतून आलेला. त्याचा शर्ट पंपाच्या ऑफिसात खिळ्याला लटकत होता, पॉलेटने मागच्या सप्टेंबरात तो अंगावर घातला तोवर.

पॉलेट हसली नाही. ती सूपमधल्या शेवया चमच्याने कडेला लावत बसली होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती: यांना हसता येतंय. शुक्रवारी एकाने भर गावापुढे कपडे काढले, त्याचं कौतुक चाललंय. शनिवारी मी कामावर वेळेत गेले, त्याची पंचायत बसणार आहे.

यंदा तेलटंचाईपायी सरकारने भर हिवाळ्यात घड्याळं तासभर पुढे केली होती, त्यामुळे सकाळ कसली, रात्रच. शाळेतली लहान पोरं बॅटरी घेऊन बससाठी उभी राहत. तशाच अंधारात ती शनिवारी पंपावर गेली होती. बर्फात मोठ्या चाकांचे ठसे होते. तिने रोजच्यासारखं जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडलं, मापाची काठी आत सोडली, वर काढली. काठी पार वरपर्यंत ओली. मग तिने रोजच्यासारखंच केलं. ऑफिसातून हिरवं निशाण आणलं आणि रस्त्यावरच्या खांबाला लावलं.

हिरवं म्हणजे आहे, सगळ्यांना मिळेल. पिवळं म्हणजे फक्त डॉक्टर, ॲम्ब्युलन्स, शाळेची बस. लाल म्हणजे नाही. हा नियम पॉलेटचा नव्हता. डिसेंबरात रांगेत दोन बापे एकमेकांच्या नरडीला लागले, पलीकडच्या पंपवाल्याने साठा दडवला म्हणून, तेव्हा श्टेफान हुडाकने चर्चच्या हॉलमध्ये कॉफीचा कप खाली ठेवून सगळ्यांदेखत सांगितलं होतं: माझ्या टाकीत जे असेल ते माझ्या खांबावर दिसेल. बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पॉलेट त्या दिवशी कप धूत होती, आणि तिला आपल्या आजोबांचा फार अभिमान वाटला होता.

"झालं सूप," एमिल म्हणाला. "आता बोला. काल सकाळी हिरवं निशाण का लागलं? चर्चच्या वळणापर्यंत रांग होती. आमची माणसं नाक्यावरून बघत होती. त्यांच्यातल्या विलार्डने मला सगळ्यांपुढे विचारलं, 'एमिल, तुझा बाप पाणी तर नाही ना रे विकत? नाहीतर एवढं पेट्रोल आलं कुठून?' संप मोडून टँकर आत आला आणि तो नेमका हुडाकांकडे. माझं नाक कापलं गेलं पपा. विलार्ड आज चारला इथे येतोय, विचारायला. त्याला मी काय सांगू?"

म्हाताऱ्याने रुमालाने ओठ पुसले. आयरीन त्याच्याकडे बघत नव्हती.

"टँकर नव्हता," तो म्हणाला.

"मग?"

"तळाशी होतं थोडं. जुनं. ॲम्ब्युलन्ससाठी राखलेलं. पोरीने काठी चुकीची वाचली आणि हिरवं लावून मोकळी झाली."

टेबलावर कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याची वाफ येत होती. ती बघत पॉलेट बसून राहिली. आपण ऐकलं ते खरंच आजोबा बोलले का, हे तिला दोनदा मनात म्हणून बघावं लागलं.

"डेडो," ती म्हणाली.

"चूक होते पोरी. कुणी मारत नाहीये तुला."

"पण काठी मला तुम्हीच शिकवलीत वाचायला."

"म्हणूनच सांगतोय. चूक होते."

एमिलचा सगळा राग, जो बापावर काढायची त्याची हिंमत होत नव्हती, तो क्षणात लेकीकडे वळला. "तुला किती वेळा सांगितलं, पंपावरचं काम पोरींचं नाही? शाळा सुटली की घरी ये, आईला मदत कर. पण नाही. शर्ट घालायचाय, ऑइल बघायचंय, बाप्यांशी बोलायचंय. तुझ्यामुळे माझी काच फुटली. कळतंय? मी चौदा वर्षं ट्रक चालवतोय, माझ्याकडे आजपर्यंत कुणी बोट दाखवलं नव्हतं."

"डॅडी, बर्फात ठसे होते. टँकरचे."

"कचऱ्याची गाडी असेल," आयरीन म्हणाली, फार लवकर.

"शनिवारी कचऱ्याची गाडी येत नाही आत्या. आणि गिऱ्हाइकांना फोन तुम्ही कशाला केलेत मग? मिसेस बेंको कॅन घेऊन मागच्या दाराशी आल्या. मला म्हणाल्या, आयरीनने बोलावलंय."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," आयरीन म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला. "घरातल्या माणसांना जेवणाच्या टेबलावर खोटं पाडतेस? शोभतं का?"

डोलोरेस आतापर्यंत गप्प होती. हुडाकांच्या घरात आल्यापासून तिचा तोच शिरस्ता होता. सुनेने सूप खावं आणि ऐकावं. तिने पाव बशीत ठेवला. "वा रे वा. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

"डोलोरेस," एमिल म्हणाला.

"नाही, बोलू दे मला. हिने काठी चुकीची वाचली म्हणे. गेले सहा महिने ही शाळेतून थेट पंपावर जाते, हातांची कातडी सोलली थंडीने, एकदा तरी चुकली? तेव्हा सगळ्या गावाला सांगत होतात, माझी नात बाप्यांना भारी आहे. आज लगेच आंधळी झाली?"

"विषय तो नाही," म्हातारा म्हणाला.

"विषय तोच आहे."

म्हाताऱ्याला या सुनेचं तोंड कधी आवडलं नव्हतं, आणि आज ती खरं बोलत होती म्हणून तर अजिबात आवडलं नाही. पण त्याच्या मनात दुसरंच होतं. गिरणीतली नोकरी सोडून त्याने हा पंप उभा केला, त्याला तीस वर्षं होत आली. शरद ऋतूपासून टाकी भरत नव्हती. अजून दोन आठवडे लाल निशाण राहिलं असतं तर तेल कंपनीने पंपच काढून नेला असता. टँकर बोलावला नसता तर धंदा जाणार होता, आणि बोलावला हे कबूल केलं तर पोराला त्याचीच माणसं नाक्यावरून हाकलणार होती. मधल्या मधे कुणाचा तरी बळी जायला हवा होता. पोरगी सतरा वर्षांची आहे, विसरून जाईल, असं त्याने काल रात्री स्वतःला समजावलं होतं. पोरींची नावं कोण लक्षात ठेवतं?

"हे बघ," तो पॉलेटला म्हणाला, शक्य तितक्या मऊ आवाजात. "चारला विलार्ड येईल. तू एवढंच सांग, मी काठी चुकीची वाचली. मिटलं. तुझ्या बापाची इज्जत राहील. आणि उद्यापासून थोडे दिवस डॅरिल येईल पंपावर. तसाही तो कुठे भांडी घासत बसणार हॅम्बर्गरच्या दुकानात? पुढेमागे पंप त्यालाच बघायचाय."

"मला?" डॅरिल म्हणाला. त्याच्या तोंडात घास होता.

"डॅरिलच बरा," आयरीन म्हणाली. "मुलगा आहे. शर्ट त्यालाच होईल."

पॉलेट उठली. तिने बटणं एकेक करून सोडली. आत पांढरा बनियनवजा टी-शर्ट होता, पूर्ण बाह्यांचा. तरी आयरीनने "अगंबाई, हे काय" म्हणून तोंडावर हात ठेवला.

"काय झालं आत्या?" पॉलेट म्हणाली. "याने सगळं काढलं तेव्हा हसलात की तुम्ही."

तिने शर्ट खुर्चीच्या पाठीवर घातला, 'लेनी' वर येईल असा.

"सप्टेंबरात मी तुम्हाला म्हटलं होतं डेडो, माझ्या नावाचा शर्ट मागवा. तुम्ही म्हणालात, बघू. ऑक्टोबरात म्हणालात, लेनीचा छान बसतोय. मी म्हटलं, बरं. गिऱ्हाइकं मला लेनी म्हणून हाका मारतात. मी वळतेसुद्धा." तिचा आवाज फाटला. "पण विलार्डपुढे चूक माझ्या नावाची हवी. तिथे पॉलेट चालते."

एमिल आपल्या बापाकडे बघत होता. तो रागीट होता, पण मूर्ख नव्हता. त्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली, जी काचा गोळा करताना यायला हवी होती. तळाशी थोडंसं जुनं पेट्रोल होतं, तर चर्चच्या वळणापर्यंतची रांग दुपारपर्यंत पुरली कशी?

तो उठला. कोट न घालता बाहेर गेला. घराच्या पुढेच पंप होता, मधे फक्त अंगण. खिडकीतून सगळ्यांनी बघितलं: त्याने ऑफिसच्या कोपऱ्यातली काठी घेतली, वाकून झाकण काढलं, काठी तळाला टेकवली आणि वर ओढली. त्याने ती बराच वेळ हातात धरली. मग आत आला. काठी घेऊनच आला. स्वयंपाकघरात पेट्रोलचा वास पसरला.

"अर्ध्याच्या वर ओली आहे," तो म्हणाला. "कालची रांग झाल्यावर."

म्हाताऱ्याने रुमालाची घडी करून बशीपाशी ठेवली.

"टँकर आला होता ना पपा?"

"तुझ्या मुलाबाळांनाच खायला घालतो हा पंप," म्हातारा म्हणाला.

"मी विचारलं, आला होता का."

"आला होता. मीच बोलावला. काय करायचंस ते कर. विलार्डला सांग. तोही काच फोडेल माझी, फोडू दे. पण मी सगळ्या गावापुढे नाक घासायला जाणार नाही."

"आणि हिला जाऊ देणार होतात," डोलोरेस म्हणाली.

एमिलने लेकीकडे बघितलं. तिच्यावर ओरडलेलं सगळं त्याच्या तोंडात परत आलं होतं, कडू. त्याला माफी मागता येत नव्हती. हुडाकांच्या बाप्यांना ती कुणी शिकवलीच नव्हती. "गाडीत बस," तो म्हणाला. "घरी जाऊ."

"मी चालत जाईन."

"थंडी आहे बाहेर."

"अंधारात चालत येते तेव्हा कुणी विचारत नाही." तिने कोट घातला. मग एमिलच्या हातातली काठी काढून घेतली आणि डॅरिलच्या हातात दिली, टेबलावरून, कोबीच्या पातेल्यावरून. "हे घे. उद्यापासून कशाला? आत्तापासूनच. ओलं कुठे संपतं तिथे बघायचं. खोटं वाचायचं असेल तर डेडोंना विचार."

"पॉलेट, मला नकोय गं हे," डॅरिल म्हणाला.

"मला हवं होतं," ती म्हणाली.

ती बाहेर पडली. त्यांना वाटलं गेली. पण ती अंगण ओलांडून ऑफिसात शिरली आणि बाहेर आली ती हातात हिरवं निशाण घेऊन.

"रविवार आहे आज," आयरीन खिडकीशी धावली. "रविवारी पंप बंद असतात सगळ्या देशात. पपा, ती निशाण लावतेय. एमिल, थांबव तिला."

पॉलेटने दोरी ओढली. निशाण वर गेलं, वाऱ्यावर उघडलं. कोपऱ्यावरून जाणारी एक गाडी थबकली, मागे आली. तिच्यामागे दुसरी. चर्चमधून घरी चाललेली माणसं होती ती, अर्ध्या रिकाम्या टाक्यांची. बघता बघता रांग लागायला सुरुवात झाली आणि पहिला हॉर्न वाजला.

"एमिल," आयरीन म्हणाली. "नाक्यावरून दिसेल ते. तुझीच माणसं येतील. जा, उतरव."

एमिल दारात उभा होता. त्याला खांबापर्यंत जायला कितीसा वेळ लागला असता. "ज्याचं आहे त्याने उतरवावं," तो म्हणाला, आणि बाजूला होऊन त्याने बापाला वाट करून दिली.

म्हातारा उठला. चर्चचा शर्ट, चर्चची पँट. तो अंगणात गेला. खांबाशी पोचला, दोरीला हातही लावला. पण रांगेतल्या प्रत्येक काचेमागून एकेक ओळखीचा चेहरा त्याच्याकडे बघत होता, आणि त्यातल्या बहुतेकांनी डिसेंबरात टाळ्या वाजवल्या होत्या. पॉलेट तोवर फाटकातून रस्त्याला लागली होती. ती रांगेच्या कडेने चालत होती, हात खिशात, आणि कुणी हाक मारली तरी वळत नव्हती.

पहिल्या गाडीत मिसेस बेंको होत्या. त्यांनी काच खाली केली. श्टेफानला त्या गावातल्या इतरांसारख्या स्टीव्हच म्हणत.

"स्टीव्ह, रविवारी? काल मागच्या दाराने या म्हणालात, आज पुढून. खरं आहे ना रे हे? का उगाच रांगेत उभं करतोस?"

श्टेफान हुडाकने दोरी सोडली. त्याने मान वळवून रस्त्याकडे बघितलं. पॉलेट चर्चच्या वळणाशी पोचली होती, ऐकू जाण्यापलीकडे.

"पोरीने लावलंय," तो म्हणाला. "म्हणजे आहे."

घरातल्यांपैकी हे फक्त दारातल्या एमिलने ऐकलं. मिसेस बेंकोंनी इंजिन बंद केलं, आणि म्हातारा चर्चच्या कपड्यांत पंपाची नळी काढायला वळला.